मराठी डिजिटल कॉमिक: फुग्यातली अक्षरं हाताने लिहायची की फॉन्टने?

शाईवाला
हल्ली मोबाइलवर मराठी कॉमिक बरीच वाचतोय. नवी पोरंपोरी काय चित्रं काढतायत, रंग तर विचारूच नका, आणि मग नजर संवादाच्या फुग्यावर जाते नि मन खट्टू होतं. चित्रातली रेघ जाड-बारीक होत जिवंत पळतेय आणि फुग्यात मात्र सरकारी पत्रकासारखी अक्षरं बसलीयत. माझं मत स्पष्ट आहे, टॅबलेटवर चित्र काढता ना, मग त्याच पेनाने अक्षरंही काढा. इंग्रजी कॉमिकवाले सगळं कॅपिटलमध्ये लिहितात आणि जोर द्यायचा शब्द जाड-तिरका करतात, आपल्याकडे कॅपिटल नाही आणि देवनागरी नुसती ढकलून तिरकी केली तर भेसूर दिसते. मग आपला जोर कुठून येणार? शिरोरेषेतून. घाबरलेल्या माणसाची शिरोरेषा थरथरू दे, ओरडणाऱ्याची ब्रशने एकदाच जाड ओढा, कुजबुजीत ती मध्ये मध्ये तुटू दे. हे फॉन्ट करणार नाही. आणि डिजिटलमध्ये अक्षरांचा लेयर (थर) वेगळा असतो, चुकलं तर पुसा, चित्राला धक्काही लागत नाही, मग अडतंय कुठे?

नीलिमा_प
शाईवाला दादा, वेळेवर अडतंय. मी दर आठवड्याला भाग टाकणाऱ्या टीमसाठी लेटरिंग, म्हणजे फुग्यांत अक्षरं भरायचं काम, करते, एका भागात सहज चाळीस-पन्नास फुगे असतात आणि लेखक आदल्या रात्री संवाद बदलतो, ते दर वेळी हाताने लिहायचे? शिवाय फॉन्ट म्हणजे सरकारी पत्रक हे जुनं झालं. इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम हा फॉन्ट बघा, हातचाच वाटतो, 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा बालू गुबगुबीत आहे, लहान मुलांच्या गोष्टीला मस्त जातो, दोन्ही फुकट आणि व्यावसायिक कामालाही चालतात. वाचणाऱ्याला अक्षर पटकन लागलं पाहिजे हो, अक्षराचं कौतुक करत तो फुग्यावरच थांबला तर गोष्ट मागे राहते.

शाईवाला
कलम चांगलाच आहे, पण त्यातला प्रत्येक क एकसारखा. आजीचा क आणि राक्षसाचा क एकच?

रेघोट्या
तुमचं दोघांचं चालू दे पण माझ्या मते खरा घोळ त्याच्या आधीच होतो. चित्र पूर्ण, रंग पूर्ण, आणि मग आता फुगे कुठे टाकू म्हणून शोधाशोध, मग कुणाच्या कपाळावर फुगा, कुणाचा हात झाकलेला. कच्च्या स्केचमध्येच संवाद टाकून बघायला हवेत. आधी बोलणारा डावीकडे वर, उत्तर देणारा उजवीकडे खाली, हे चौकट आखतानाच ठरतं, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना कापतात आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर वाचला जातो. शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने जावी पण तोंडाला चिकटू नये, साधारण अर्ध्या वाटेवर थांबली तरी पुरतं.

आणि मराठीची खास अडचण म्हणजे आपली ओळ उंच असते. वरच्या ओळीत 'कुठून', खालच्या ओळीत 'निर्णय', वरचा उकार आणि खालचा रफार भिडलेच म्हणून समजा. इंग्रजीचा टेम्प्लेट उचलून ओळी तशाच जवळ ठेवल्या की हे होणारच, अक्षराच्या दीडपट तरी अंतर द्या. म्हणजे तेवढ्याच वाक्याला फुगा मोठा लागतो, म्हणजे जागा आधीच राखायला लागते! उभ्या स्क्रोलच्या कॉमिकचं पान ८०० पिक्सेल रुंद धरतात, त्यात 'येणाऱ्याजाणाऱ्यांकडून' असला शब्द आला की अख्खी ओळ त्याचीच. मधेच तोडू नका, लेखकाला सांगून वाक्यच बदलून घ्या.

प्रूफवाली
रेघोट्याशी सहमत, पण शुद्ध अक्षराबद्दल कुणी बोललंच नाही. कितीतरी ड्रॉइंग अ‍ॅपमध्ये देवनागरी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, 'शक्ती'चा 'शक् ती' होतो, पहिली वेलांटी (ि) अक्षराच्या नंतर पडते, आणि लोक तेच छापून मोकळे होतात. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलं की हे सुधारतं, इंकस्केपमध्ये जोडाक्षरं मुळातच नीट येतात, क्रिटाचं ५.२ पासून बरंच सुधारलंय. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषेला फटी पडतात. फॉन्ट घेण्याआधी 'दऱ्या' आणि 'वाऱ्यावर' टाइप करून बघा, बऱ्याच फॉन्टांत तो ऱ्य नीट नसतो. ल आणि श पण बघा, २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, आपल्या मुलांनी शाळेत तेच गिरवलेत, त्यांच्या कॉमिकमध्ये हिंदी वळणाचे का? आता शाईवाला म्हणतील हाताने लिहिलं की हे सगळे प्रश्न संपतात. हे संपतात, पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक चित्रात गेली की ती शोधून दुरुस्त कोण करणार?

शाईवाला
ताई, आधी टाइप करून तपासा आणि तो मजकूर फिका करून खालच्या लेयरवर ठेवा, वरून हाताने गिरवा. मी तसंच करतो. शुद्धलेखनही सांभाळलं जातं आणि फुग्यात किती मावेल तेही आधीच कळतं.

जुनी_पानं
अनंत पैंनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली, तेच चित्र पुढे कितीतरी भाषांत गेलं, फुग्यातला मजकूर तेवढा बदलायचा. तुम्ही अक्षरं फुग्याच्या आकारात गुंफून ठेवलीत तर उद्या कोकणीत किंवा हिंदीत काढताना सगळं नव्याने. अनुवादासाठी तरी फॉन्ट बरा.

नीलिमा_प
हेच म्हणतेय!

शाईवाला
पण आज वाचणारा मराठीच आहे, उद्याच्या भाषांतरासाठी त्याला सपक पान द्यायचं? आणि फुगा, अक्षरं, चित्र असे तीन लेयर वेगळे ठेवले की अनुवादात चित्राला काहीच होत नाही.

प्रूफवाली
कुणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगते, स्वतःच्या हस्ताक्षराचा फॉन्ट करा हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. इंग्रजीला शंभरेक आकारांत भागतं, देवनागरीला जोडाक्षरं, मात्रांच्या जागा, ऱ्य, क्ष, ज्ञ धरून काहीशे लागतात.

नीलिमा_प
मी माझ्यापुरतं असं ठरवलंय, धाडकन, खळ्ळ, सूं सूं हे सगळे आवाज हाताने, कारण ते चित्राचाच भाग आहेत, दार जिकडे पडतं तिकडे 'धाडकन' पण पडला पाहिजे. संवाद मात्र फॉन्टमध्येच. यापुढे मी सरकणार नाही, दर आठवड्याचा भाग वेळेवर जायला हवा.

शाईवाला
आवाजाबद्दल शंभर टक्के मान्य. संवादाबद्दल नाही. रडत बोलणारं पात्र असेल तेव्हा तो एक फुगा तरी हाताने लिहून बघा आणि दोन्ही पानं इथे टाका, वाचणारे सांगतील.

रेघोट्या
टाका नक्की, पण मोबाइलच्या आकारात टाका, मोठ्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.