पौरोहित्य वर्गातून शिकून गेलेले स्नातक जोडून कसे ठेवायचे?

समई_राजापूर

नमस्कार मंडळी. आमचा पौरोहित्याचा वर्ग जात न विचारता स्त्री-पुरुष सगळ्यांना शिकवतो. रविवारी वर्ग, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पूजा, संस्कार, शांती आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीतून. आजवर सव्वाशेच्या आसपास स्नातक झाले, पण संपर्कात तिसरा हिस्साही उरलेला नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर सणाच्या शुभेच्छा सोडून काही येत नाही. मे महिन्यातल्या मेळाव्याला दहा-बारा जण जमतात. सगळ्यात आधी गप्प होतात त्या स्त्रिया आणि पुरोहित घराण्यातून न आलेले स्नातक. नेमके ज्यांच्यासाठी वर्ग काढला, तेच. काही जण कामासाठी विरार-डोंबिवलीला गेले, त्यांचे नंबर बदलले.

आमच्याकडे अर्धवेळ काम करणारी एक व्यक्ती, एक जुना लॅपटॉप आणि वर्षाला २०,००० रुपये आहेत. एवढ्यात काय करता येईल? कृपया "आपुलकी वाढवा" यापुढचं सांगा.

किनारपट्टी

ताई, मेळावा आणि गट बाजूला ठेवा. आधी एक बघा: शिकून गेलेल्या माणसाला तुमच्याकडून काम येतं का? पुरोहित घराण्यातल्या मुलाला वडिलांचे यजमान आयते मिळतात. तुमच्या बाकीच्या स्नातकांना तो वारसा नाही. प्रमाणपत्र घेऊन ते घरी जातात, वर्षभर कोणी बोलावत नाही, मंत्र जिभेवरून उतरतात, मग भेटायला यायचीच लाज वाटते. ते रुसलेले नसतात, संकोचलेले असतात.

तमिळनाडूचं उदाहरण समोर ठेवा. तिथे सरकारने सर्व जातींच्या तरुणांसाठी अर्चक (म्हणजे देवळातले पुजारी) प्रशिक्षण शाळा काढल्या, दोनशेहून जास्त विद्यार्थी शिकून तयार झाले, पण नियुक्त्या न्यायालयीन वादात वर्षानुवर्षं अडकल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांतल्या २४ जणांना देवळांत नेमलं गेलं. मधल्या काळात त्या विद्यार्थ्यांना एकत्र ठेवलं ते त्यांनी स्वतः बांधलेल्या संघटनेने, कारण तिच्यापुढे हक्काच्या कामाचा प्रश्न होता.

आपल्याकडे सुरुवात गणपतीपासून करा. कोकणात त्या दिवशी घरोघरी मूर्ती आणि भटजी कमी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला आहे, म्हणजे तयारीला दिवस जास्त मिळतात. क्रम असा ठेवा:

जूनमध्ये प्रत्येक स्नातकाला फोन करायचा, मेसेज नाही. दोनच प्रश्न: या वर्षी किती घरं घ्याल, आणि कोणती पूजा उजळणीशिवाय जमणार नाही? जुलैत भातलावणी आटोपली की उजळणीचे दोन रविवार. फक्त पार्थिव गणेशपूजन: प्राणप्रतिष्ठा, षोडशोपचार, २१ पत्री, आरती, मंत्रपुष्प. नारळी पौर्णिमेपर्यंत यजमानांची नोंदणी संपवायची.

वाटप करताना गणित चुकतं ते इथे. पहाटे ५ ते दुपारी १.३० म्हणजे ५१० मिनिटं. पूजा नीट केली तर ३५ मिनिटं लागतात. एका घरातून दुसऱ्या घरी जायला, पाय धुवायला, यजमानाने सामान मांडेपर्यंत १५ मिनिटं धरा. दहा घरं झाली की वेळ संपला. नवख्याला सहाच द्या आणि ती एकाच वाडीतली. हौसेने अठरा घरं देता, मग अकराव्या घरी यजमान दारात उभा राहून फोनवर फोन करतो, आणि तो स्नातक पुढच्या वर्षी तुमचा फोनच उचलत नाही.

प्रत्येकाच्या हातात कागदाची चिठ्ठी द्या. मोबाइलवर विसंबू नका. पावसात वीज जाते, पाखाडी उतरून खाली गेलं की रेंज जाते. चिठ्ठीवर घराचा क्रम, वाडी, घराची खूण, यजमानाचा आणि शेजाऱ्याचा फोन, वेळ, पत्री-सामान कोणाचं, दक्षिणा. खूण फार महत्त्वाची. एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं असतात, तिथे "साकवापलीकडचं, फणसाखालचं घर" असं लिहिलेलंच उपयोगी पडतं.

दक्षिणा संस्थेने ठरवायची, बाई असो वा पुरुष, आडनाव काहीही असो, तीच. ती नोंदणीच्या वेळीच सांगायची आणि पूर्ण स्नातकाच्या हातात जाऊ द्यायची. त्यातून संस्थेचा वाटा कापू नका. सुरुवातीची तीन वर्षं तर नकोच.

ओसरी

वरचं सगळं पटलं, फक्त एक मोठी जागा राहिली. यजमानाने दारातून परत पाठवलं तर?

नोंदणी करताना फोनवरच पहिला प्रश्न येतो: "कोण येणार? कुठले?" पुष्कळ संस्था तिथे गुळमुळीत उत्तर देतात, आडनाव सांगत नाहीत, आणि प्रसंग त्या स्नातकावर येतो. हे करू नका. फोन घेणाऱ्याच्या समोर लिहून ठेवलेला मजकूर हवा आणि तो जसाच्या तसा वाचायचा:

"आमच्याकडे सर्व जातींचे स्त्री-पुरुष शिकतात आणि पूजा सांगतात. तुमच्याकडे कोण येणार हे संस्था ठरवेल आणि पूर्ण नाव आठ दिवस आधी कळवेल. हे मान्य असेल तरच नोंद घेतो."

नाही म्हणाले तर नमस्कार करून फोन ठेवायचा. अशी पाच-सात घरं जातील, जाऊ द्या. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांच्या खर्चाने सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उभं राहिलं, तिथे एवढं सांगायला जड वाटू नये.

आता ऐन दिवशी नकार आला तर. इथे माझं मत कडक आहे: बदली माणूस पाठवायचा नाही. एकदा बदली पाठवलात की बातमी सगळ्या वाडीत जाते, "हट्ट धरला की दुसरा मिळतो". आणि परत आलेल्या स्नातकाला कळतं की संस्था यजमानाची आहे, आपली नाही. त्या घराची ठरलेली दक्षिणा संस्थेने स्वतःच्या पैशातून त्याच संध्याकाळी द्यावी. तुमच्या २०,००० मधले ३,००० यासाठीच वेगळे काढा.

स्त्री पुरोहितांना पाळीबद्दल थेट विचारणारे यजमान असतात. उत्तर तिने द्यायचं नाही. "हा प्रश्न संस्थेला विचारा" एवढंच तिने म्हणावं, आणि संस्थेचं उत्तर एकच असावं: हा तिचा खाजगी विषय आहे, आम्ही विचारत नाही आणि सांगत नाही. हे धोरण लेखी करून स्नातकांना द्या. पहिल्या दोन वर्षांत स्त्रियांना जोडीने पाठवा, एक जुनी आणि एक नवी. बाळ लहान असेल तर घराजवळची वाडी आणि सकाळी ८ नंतरची वेळ. स्त्रिया गळतात त्याचं एक कारण अगदी साधं आहे: पहाटे ५ ला तीन मैलांवरच्या वाडीत पोचायला वाहन नसतं. जोडीला एक रिक्षा ठरवा.

किनारपट्टी

ओसरीताई, बदलीच्या बाबतीत थोडा वेगळा विचार. मखरात मूर्ती बसलेली, घरात म्हातारी माणसं उपाशी, मूर्तीवरच्या मंडपीला फळं बांधून झालेली. त्या घराला पूजेविना ठेवायला मन धजत नाही. मी म्हणेन, पूजा त्यांनी पोथीवरून स्वतः करावी. मराठी अर्थासह छापील पोथी आपल्या स्नातकाने तिथे ठेवून यावी. बदली नाही, पण घर रिकामंही नाही.

ओसरी

हे चालेल. मजकुरात तेही घालते.

पाळक_अलिबाग

मी ख्रिस्ती बाजूने लिहितो, कारण पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनऱ्यांपुढे हाच प्रश्न जुना आहे. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी असो की आणखी कुठली, शिकून गेलेला पाळक दर काही वर्षांनी बदलीवर जातो आणि पत्ता हरवतो. म्हणून नोंदवहीत तीन गोष्टी हव्यातच: स्वतःचा नंबर, मूळ गावच्या घराचा पत्ता, आणि गाव न सोडणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर. विरार-डोंबिवलीला गेलेले तुमचे स्नातक या तिसऱ्या रकान्यातूनच सापडतील. आजच गावच्या घरी विचारा. गणपतीला ते येतातच.

दुसरं, सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या संस्थेत परंपरेचे प्रकार अनेक असतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन झाली. काहींकडे बाळाचा बाप्तिस्मा, काहींकडे मोठेपणी. दोन्ही रीती मान्य ठेवल्या, म्हणून कोणाला पाहुण्यासारखं राहावं लागलं नाही. तुमच्या पोथीतही संपूर्ण संस्कृत विधी आणि मराठी अर्थप्रधान छोटा विधी, दोन्ही सारख्या मानाने छापा. छोटा विधी करणाऱ्याला "अर्धा भटजी" म्हटलं गेलं की तो परत येत नाही.

तिसरं, मेळाव्याऐवजी अभ्यासमंडळ. दोन तास, दर दोन महिन्यांनी, एक विषय. माणसं भाषण ऐकायला येत नाहीत, अडलेलं सोडवायला येतात. अंत्यविधीच्या वेळी घरातल्या लेकीला अग्नी द्यायचा असेल तर विधी कसा सांगायचा, आंतरजातीय लग्नात दोन्ही घरच्या चालीरीती कशा गुंफायच्या, दिवंगताच्या घरी काय बोलावं आणि काय बोलू नये. असे प्रश्न आधी मागवा, त्यांतला एक निवडा. सगळ्यांना राजापूरला बोलावू नका. चिपळूणच्या माणसाचा पूर्ण दिवस जातो. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर अशा तीन ठिकाणी बसा आणि कोणाच्या तरी ओसरीवर बसा, हॉलचं भाडं वाचेल.

आणि जे आता पूजा सांगत नाहीत, बागेत किंवा नोकरीत रमले, त्यांना यादीतून "निष्क्रिय" म्हणून बाजूला काढू नका. वर्गातल्या नव्या विद्यार्थ्यांना पाठ म्हणून घ्यायला, मूर्ती-पत्री ओळखायला शिकवायला त्यांना बोलवा. काम बदललं तरी घर तेच राहतं.

हिशेबनीस

व्यावहारिक बाजू सांगतो.

व्हॉट्सअ‍ॅप: गटाऐवजी ब्रॉडकास्ट (एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणारी यादी) वापरणार असाल तर दोन अडचणी ध्यानात घ्या. एका यादीत २५६ जणच मावतात, तुम्हाला ते पुरे आहे. पण ज्याच्या फोनमध्ये संस्थेचा नंबर साठवलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना गेला. म्हणून जूनच्या फोनवर शेवटचं वाक्य हेच: "हा नंबर आत्ताच सेव्ह करा." संस्थेसाठी वेगळं सिम घ्या. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या नंबरवर सगळं चाललं की तो माणूस बदलल्यावर सगळी यादी जाते.

नोंदवही: एक स्प्रेडशीट, तिची दर महिन्याला छापील प्रत. रकाने कमी ठेवा. नाव, तुकडीचं वर्ष, वरचे तीन संपर्क, येणारे विधी, मोकळे दिवस, शेवटचं बोलणं कधी झालं. जात हा रकाना ठेवू नका. शेवटच्या रकान्यावर लक्ष ठेवा: सहा महिने कोरा गेला की फोन. वैयक्तिक माहितीबद्दल २०२३ चा केंद्रीय कायदा आहे, तेव्हा माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घ्या, आणि यजमानाला स्नातकाचा नंबर देण्यासाठी वेगळी संमती घ्या. स्त्रियांचे नंबर तर विचारल्याशिवाय अजिबात नको.

देणगी: स्नातकांकडून पहिल्या वर्षी मागू नका. पुढे मागाल तेव्हा, तुमच्या विश्वस्त संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (जिला ८०जी म्हणतात) असेल तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, म्हणून बँकेतून घ्या, पॅन नोंदवा. परदेशातल्या स्नातकाचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले, तर ती परकीय देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल तर, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, एफसीआरए म्हणजे परकीय देणगी कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. इथे भल्या भल्या संस्था अडकतात, कारण माणूस आपल्याच गावचा असतो आणि कोणाला शंका येत नाही.

मेळाव्याचा महिनाही चुकतोय. मे म्हणजे आंब्याच्या पेट्या, लग्नांचे मुहूर्त आणि घरात चाकरमानी. तुमचे सगळ्यात कामाचे लोक त्याच वेळी अडकलेले. पौषात लग्न-मुंजी नसतात, पाऊस नाही, माघी गणपती पुढे असतो. येता पौष जानेवारी २०२७ मध्ये येतो. संक्रांत टाळून रविवार धरा.

समई_राजापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. मेळावा पौषात हलवते आणि सिम याच आठवड्यात घेते. ओसरीताईंचा मजकूर विश्वस्तांच्या बैठकीत ठेवते, तिथे विरोध होईल हे माहीत आहे, पण तो आत्ताच झालेला बरा.

एक शंका. जूनचे सव्वाशे फोन एका अर्धवेळ व्यक्तीने कसे करायचे?

किनारपट्टी

तिने करायचे नाहीत. प्रत्येक तुकडीतून एक जण निवडा, शक्यतो जिला सगळे "ताई" किंवा "दादा" म्हणतात अशी व्यक्ती. तिच्याकडे स्वतःच्या तुकडीचीच नावं द्या, दहापेक्षा जास्त नको. संध्याकाळी ७ नंतर, रोज दोन. आठवड्यात होतं. पहिला फोन जी स्त्री सगळ्यात आधी गप्प झाली तिला, आणि तिच्याशी कामाचं बोलण्याआधी ती कशी आहे ते विचारायचं.