नवरा हौसेने रांधतो, पण खाववत नाही. कसं सांगू?

मंडळी, मदत हवी आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या.

मला कामावरून यायला उशीर होतो म्हणून गेले चार महिने रात्रीचा स्वयंपाक नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलाय. मी दार उघडते तेव्हा ताट वाढलेलं असतं आणि हा समोर बसून माझा पहिला घास निरखत असतो. अशा माणसाला काय बोलणार? पहिल्या दिवशी मी "छान झालंय" म्हणून बसले. आता तीच भाजी दर आठवड्याला होते.

गॅस कायम मोठा. चार कांदे एकदम छोट्या कढईत लोटतो, त्यांना पाणी सुटतं आणि ते त्यातच उकडत बसतात. पाणी आटेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं, कांदा खरपूस व्हायला १४०च्या पुढे जावं लागतं, हे मी एका रविवारी समजावून सांगितलं. त्याला फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी कांदा पांढराच, लसणाचा मात्र कोळसा!

मीठ घातलं की नाही ते आठवत नाही, म्हणून पुन्हा घालतो. चाखून बघ म्हटलं तर "मग तुझी मजा जाईल" म्हणतो. खारट झालं की बटाटा टाकतो. बटाटा काही मीठ वेचून घेत नाही, रस्सा शोषतो. उरलेला रस्सा तेवढाच खारट आणि वर बटाटाही खारट.

एकदाच ठाम राहिले. राजमा कच्चट होता, आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होऊ शकतात, म्हणून पातेलं परत गॅसवर चढवलं. तो काही बोलला नाही. डाव हातात धरून नुसता उभा राहिला. त्यानंतर माझी हिंमतच झालेली नाही.

पण गेल्या गुरुवारी वेगळंच झालं. दूध करपलं होतं, वास जिन्यात येत होता. हा तिथेच ओट्याशी टोमॅटो चिरतोय, पत्ताच नाही. मग त्याच दुधाची कॉफी मिटक्या मारत प्यायला. तेव्हा आठवलं, २०२१ मध्ये कोविड झाला तेव्हा त्याचा वास गेला होता. "आला परत" म्हणाला होता, मीही पुढे विचारलं नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये असते ती रुचकर चव) एवढंच कळतं, बाकीची चव नाकाची. म्हणजे करपलेला लसूण त्याला कळतच नसेल तर? (मिठाचं कोडं यात बसत नाही, तो निव्वळ विसरभोळेपणा असावा.)

आणि आता चव राहिली बाजूला. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात हा एकटाच असतो.

कुणाच्या घरी असं झालंय का? सरळ विचारू की आधी घरीच कॉफीची पूड वगैरे हुंगायला देऊन बघू? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं म्हटलं तर कारण काय सांगू? आणि चार महिन्यांचं "छान झालंय" मागे कसं घेऊ? "बाहेरून मागवा" हा सल्ला कृपया नको, तो करून झालाय. त्याने मागवलेलं ताटात काढलं आणि वरून मीठ भुरभुरवलं.

आज परत तीच भाजी आहे. साडेआठला घरी पोचेन, त्याआधी कुणी लिहिलं तर बरं होईल.