चार जोडप्यांचा स्कॉटिश नाच बसवतोय, बाकीच्या जोड्यांनी करायचं काय?

दांडियाबाजारची आत्या:
भाच्याचं लग्न एडिंबराला आहे, मुलगी तिथलीच. तिकडे लग्नात सगळे पाहुणे मिळून नाचतात, म्हणून बडोद्याहून जाणारी आम्ही चार जोडपी गच्चीवर सराव करतोय. व्याह्यांनी 'रील ऑफ द फिफ्टीफर्स्ट डिव्हिजन' सुचवलाय. व्हिडिओ बघून पहिल्या जोडीचं काम बसलं, पण बाकीच्यांनी कधी हलायचं ते उमगत नाही. भावजी तर मध्येच थांबून टाळ्या वाजवतात. गरबा सगळ्यांना येतो, दमाची काळजी नाही.

कारेलीबागकर:
आधी 'डॅशिंग व्हाइट सार्जंट' करा. तिघांसमोर तिघे, गोलात पुढे सरकायचं. गरबा खेळणाऱ्यांना पटकन जमतो. आणि गच्चीवर मऊ तळाचे बूट घाला, अनवाणी नको.

ग्लासगोहून परतलेली:
आत्या, सुचवलाय तोच करा. तिथे क्लासला जायचे तेव्हापासून माझा हा सगळ्यात लाडका नाच. जून १९४० मध्ये फ्रान्समधल्या सेंट व्हॅलरीला ब्रिटिश सैन्याची ५१ वी हायलँड डिव्हिजन जर्मनांच्या हाती सापडली. तिच्यातल्या अधिकाऱ्यांनी बव्हेरियात लाउफेनच्या छावणीत कैदेत असताना हा रचला. बायका कुठून असणार, दोन्ही ओळींत पुरुषच. मध्ये जी तिरकी ओळ होते ती स्कॉटलंडच्या झेंड्यावरच्या सेंट अँड्र्यूच्या क्रॉससाठी, आणि टोकाला माणसं उभी नसतील तर तो क्रॉस होतच नाही. म्हणून भावजींना सांगा, त्यांचं काम मोठं आहे.

पुरुषांची एक ओळ, समोर बायकांची, आणि वर म्हणजे संगीताकडचं टोक. एक फेरी ३२ बारची (बार म्हणजे संगीतातलं तालाचं एक माप), आठ-आठ बारचे चार तुकडे. पहिली जोडी जागेवर पावलं टाकून ओळींच्या बाहेरून तिसऱ्या जोडीखाली उतरते, तेव्हाच दुसरी जोडी एक जागा वर सरकते. मग पहिली जोडी मधून वर येऊन आपापल्या उजव्या कोपऱ्याकडे तोंड करते. पुरुषासमोर तिसरी बाई, बाईसमोर दुसरा पुरुष. कोपऱ्यावरच्यांनीही समोरच्यासोबत पावलं टाकायची, उजवा हात देऊन फिरायचं आणि हात न सोडता धरून ठेवायचा. पहिली जोडी मध्ये एकमेकांचा डावा हात धरते, झाली चौघांची तिरकी ओळ. मग हेच डाव्या कोपऱ्यांशी. शेवटी तीन जोड्यांचा गोल, डावीकडे आठ पावलं, परत आठ. चौथी जोडी या फेरीत उभी राहते.

गरब्यात आपली नजर मध्ये गरबीकडे असते. इथे ज्याला हात द्याल त्याच्या डोळ्यांत बघा, अर्ध्या चुका तिथेच मिटतात.

दांडियाबाजारची आत्या:
कोपऱ्यावरच्यांनीही पावलं टाकायची, हेच आम्ही करत नव्हतो! आता दुसऱ्या फेरीला पहिली जोडी परत वर जाते का?

ग्लासगोहून परतलेली:
नाही. ती दुसऱ्या जागेवरूनच सुरू करते, खालच्या दोन जोड्यांबरोबर. वरची जोडी तेवढी थांबते. ती फेरी संपली की पहिली जोडी अगदी खाली जाते, चौथी एक जागा वर येते, आणि वरची जोडी नवी पहिली होते. प्रत्येक जोडीला दोन फेऱ्या, एकूण आठ. पहिले काही दिवस संगीत न लावता, मोठ्याने एक ते आठ म्हणत चाला.