अ‍ॅक्रिलिक नखांसाठी ब्रशचा क्रमांक
सुरुवातीलाच १६ क्रमांकाचा ब्रश घ्यावा, म्हणजे काम लवकर उरकते, असे काही जण सुचवतात. त्याच्याशी मी सहमत नाही. ब्रश जितका जाड, तितके मोनोमर (अ‍ॅक्रिलिक पावडर ज्यात भिजवून नख घडवतात तो द्रव) त्याच्या पोटात अधिक साठते, आणि हात बसलेला नसेल तर पावडरचा गोळा इतका ओला उचलला जातो की नखावर ठेवताक्षणी तो ओघळून कडेच्या कातडीला लागतो. यात केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. मोनोमर वारंवार त्वचेला लागल्याने कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. म्हणून शिकणाऱ्यांनी ८ किंवा १० क्रमांकापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गोळे जास्त लागतील, पण प्रत्येक गोळा ताब्यात राहील. ब्रश बुडवल्यावर वाटीच्या काठावर निथळून घ्या; ठेवलेला गोळा क्षणभर मोत्यासारखा गोल राहून मग सावकाश पसरू लागला, तर प्रमाण जमले असे समजावे. लांब नख दोन-तीन गोळ्यांत सफाईने पूर्ण होऊ लागले की १२ किंवा १४ क्रमांक घ्यावा. मात्र हे क्रमांक कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे दुकानात आकड्यापेक्षा केसांच्या पुंजक्याची जाडी पाहावी, आणि ओला केल्यावर त्याचे टोक नीट जुळते का, हेही तपासावे.