रस्ता ‘बजेटला लागला’ म्हणतात, पैसे आलेत का ते कुठं बघावं?

गोदाकाठ (परभणी)
आमचा गाव ते फाटा रस्ता मार्चच्या बजेटला लागला म्हणून गावात बॅनर लागले. दिवाळी झाली, अजून खडीचा ट्रक आलेला नाही. विचारलं की ‘निधी यायचाय’. पावसाळ्यात बाळंतपणाची बाई ट्रॅक्टरवर न्यावी लागते. नेमके कोणते कागद बघू?

निवृत्त_लेखाशाखा (लातूर)
भाऊ, आधी लेखाशीर्ष विचारा, म्हणजे खर्च कोणत्या सदराखाली टाकलाय त्याचा सरकारी क्रमांक. रस्त्यांची भांडवली कामं ५०५४ खाली, देखभाल-दुरुस्ती ३०५४ खाली. गावातला सिमेंट रस्ता किंवा सभामंडप असेल तर बहुधा २५१५.
मग बांधकाम खात्याचं अर्थसंकल्पाचं पुस्तक काढा, ऑफिसात त्याला व्हाइट बुक म्हणतात. तुमच्या कामाच्या ओळीत दोनच आकडे बघा: कामाची किंमत आणि यंदाची तरतूद. किंमत तीन कोटी अन् तरतूद दहा लाख असेल, तर काम पुस्तकात आहे, पैसा नाही.
तरतूद चांगली असली तरी थांबा. विधानसभेत खात्यांच्या खर्चाच्या मागण्या मंजूर होऊन विनियोजन विधेयक (त्या खर्चाला परवानगी देणारं) पास झालं की एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या तिजोरीतून, खर्चाचा अधिकार मिळतो. प्रत्यक्ष रक्कम वित्त विभाग हप्त्याहप्त्यानं सोडतो, ती बीम्स या सरकारच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर दिसते. ३१ मार्चपर्यंत खर्च झाली नाही तर तरतूद व्यपगत, म्हणजे रद्द.

बीडची_लेक
पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर वर्षात मागितलेला जादा खर्च, सोडू नका. आमच्याकडचा पूल मार्चच्या पुस्तकात नव्हताच, नागपूर अधिवेशनाच्या पुरवणीत निघाला. आता डिसेंबर तोंडावर आहे, आमदारांना आत्ताच लेखी द्या.

जालनेकर
रस्ता कुणाचा, तेही बघा. ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग झेडपीकडे; प्रमुख जिल्हा मार्गापासून वर सार्वजनिक बांधकामकडे. झेडपीचा असेल तर जिल्हा नियोजन समितीची (जिल्ह्याचा विकास आराखडा ठरवणारी समिती) कामांची यादी मागा.
आणि घोषणांवर जाऊ नका. १६ सप्टेंबर २०२३ ला संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकीत मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींच्या वर आकडा जाहीर झाला. त्यातलं आपल्या तालुक्याला काय मिळालं, हे वर्षावर्षाची पुस्तकं उघडूनच कळतं. आपल्याकडं ती उघडणारी माणसं फार थोडी, याचं वाईट वाटतं.

गोदाकाठ
रस्ता इतर जिल्हा मार्ग आहे. माहिती अधिकारात काय लिहू?

निवृत्त_लेखाशाखा
चारच गोष्टी मागा: प्रशासकीय मान्यतेची (कामाला दिलेल्या सरकारी मंजुरीची) प्रत, लेखाशीर्ष, यंदाची तरतूद, आजवर वितरित रक्कम. ‘रस्ता का होत नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, अर्ज झेडपीच्या बांधकाम विभागात द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आलं की इथं टाका, आकडे मी बघून देतो.