चाळीच्या जागी टॉवर उभा राहताना तळमजल्यावरच्या गाळ्याचे काय होते?

प्रश्न : कांडपवाली, लालबाग

आमचे दुकान लालबागमध्ये, चिवडा गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आहे. आजोबांनी पागडीने, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेहक्काने घेतलेला ११० चौरस फुटांचा हा गाळा. त्यात मसाला कांडायची दोन यंत्रे, एक काटा, मागच्या भिंतीला खड्या मसाल्याची फडताळे आणि समोर दगडी ओटा, एवढाच आमचा पसारा आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मृगाच्या पावसापर्यंत आमचा हंगाम चालतो. बेडगी आणि काश्मिरी मिरची प्रत्येक घरच्या प्रमाणाप्रमाणे निवडून, गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवून, भाजलेल्या धने-खसखशीसह लोक कांडायला आणतात. लालबागमधील खोल्या विकून डोंबिवली, दिवा आणि नालासोपाऱ्याला गेलेली कुटुंबेसुद्धा एप्रिलमध्ये पिशव्या घेऊन लोकलने येतात आणि यंत्रासमोरून हलत नाहीत, कारण आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिरची मिसळणार नाही याची त्यांना डोळ्यांनी खात्री करून घ्यायची असते.

आता चाळीचा पुनर्विकास ठरला आहे. समोरच्या चाळीच्या जागी टॉवर होऊन चार वर्षे झाली. तिथे रस्त्यालगत पूर्वी पिठाची गिरणी, शिंपी आणि सायकलचे दुकान होते. आज तिथे कॉफीचे दुकान, पाळीव कुत्र्यांचे केस कापण्याचे दुकान आणि दातांचा दवाखाना आहे. विकासकाने आम्हाला दिलेल्या करारनाम्याच्या मसुद्यात गाळ्याचे क्षेत्रफळ तेवढेच, म्हणजे ११० चौरस फूट आहे. मात्र तो गाळा पोडियमच्या, म्हणजे टॉवरखालच्या रुंद बैठ्या भागाच्या पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला दाखवला आहे आणि ‘धूळ, आवाज किंवा उग्र वास निर्माण होईल असा व्यवसाय करता येणार नाही’ असे एक कलम बाराव्या पानावर बारीक अक्षरांत घातले आहे. वडिलांचे म्हणणे असे की घर मिळते आहे, तेव्हा गाळ्यासाठी सगळ्या चाळीला अडवून धरू नये. मला त्यांचे पटते आणि पटतही नाही. अशा पुनर्विकासातून गेलेल्या दुकानदारांचा प्रत्यक्ष अनुभव काय आहे, आणि सही करण्यापूर्वी नेमके काय मागून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : जुना खाणावळवाला, लोअर परळ

ताई, तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देण्याआधी एक गोष्ट नोंदवतो. आपल्या भागात दुकाने बंद पडली की लोक लगेच मॉलकडे बोट दाखवतात, पण माझ्या आईची खाणावळ मॉल येण्याच्या कितीतरी आधी बसली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार घरी बसले आणि तिच्याकडे दोन्ही वेळ जेवणारे अठ्ठावीस गडी वर्षभरात पाचावर आले. बहुतेक जण कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेले, ते परतलेच नाहीत. भोंग्याच्या वेळेवर चालणारा धंदा भोंग्याबरोबरच संपला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात, जिथे पुढे मॉल झाला, बोलिंगचे दालन सुरू झाले, तेव्हा आमच्या गल्लीत चुली विझून पंधरा वर्षे होत आली होती.

उलट नव्या बांधकामांनी मला पुन्हा गिऱ्हाईक दिले, हे मी मान्य करतो. आज मी पोळी-भाजी केंद्र चालवतो. गिरण्यांच्या जागी झालेल्या कार्यालयांतील कारकून, तिथले सुरक्षारक्षक, वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारी मुले आणि सामान पोहोचवणारे दुचाकीस्वार माझ्याकडे जेवतात. चकचकीत इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याच इमारतीतील चारशे रुपयांचे जेवण परवडते, असा गैरसमज बाहेरच्यांचा असतो. माझी अडचण गिऱ्हाइकाची नाही, जागेची आहे. गाळा माझा नाही. अकरा महिन्यांच्या करारावर आहे आणि दर नूतनीकरणाला मालक शेजारच्या बेकरीने किती भाडे देऊ केले आहे ते मला ऐकवतो. तुमच्याकडे पागडीचा हक्क आहे, म्हणजे माझ्याकडे नसलेली एकमेव गोष्ट आहे. घरासाठी ती घाईने सोडू नका.

उत्तर : किराणा-भुसार, परळ

मी या सगळ्यातून गेलो आहे, आणि जे सांगणार आहे ते माझ्या फारसे बाजूचे नाही.

आमच्या चाळीचा पुनर्विकास तीन वर्षांत होणार होता, त्याला साडेसात वर्षे लागली. घरांसाठी भाडे मिळत होते, पण दुकानासाठी मिळणाऱ्या रकमेत परळमध्ये फक्त एक जिना भाड्याने मिळाला असता. म्हणून मी काळाचौकीच्या बाजूला एका आतल्या गल्लीत दुकान हलवले. किराण्याचे गिऱ्हाईक सवयीचे असते. ते दोन महिने तुम्हाला शोधत येते, तिसऱ्या महिन्यापासून जवळ जे आहे तिथे जाते आणि हल्ली तर फोनवरून मागवते. मी परत आलो तेव्हा दुकान नवे होते, वजनकाटा नवा होता, पण वहीतल्या दोनशे उधारी खात्यांपैकी चाळीससुद्धा उरली नव्हती.

नव्या गाळ्याचा खर्चही वेगळाच निघाला. पूर्वी महिन्याला ३१० रुपये भाडे भरत होतो. आता मी मालक झालो, म्हणून सोसायटीचा देखभाल खर्च आला आणि मालमत्ता कर आला. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. गाळ्याला ती सवलत नाही. सव्वा वर्ष मी तग धरला. मग एका कॉफीच्या साखळी दुकानाचा माणूस आला, त्याने सांगितलेले मासिक भाडे माझ्या दोन महिन्यांच्या निव्वळ नफ्याहून अधिक होते, आणि मी गाळा देऊन टाकला.

कांडपवाली ताईंनी समोरच्या टॉवरमधील कॉफीच्या दुकानाचा उल्लेख केला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. अशा दुकानाच्या पाटीमागे अनेकदा आमच्यासारखाच एखादा जुना दुकानदार भाडे खात बसलेला असतो. पैशाने माझे बरे चालले आहे. सकाळी सहाला शटर उघडायची सवय मात्र गेलेली नाही. मी अजूनही त्या वेळेला खाली उतरतो आणि बंद काचेसमोरून चक्कर मारून वर येतो.

उत्तर : नकाशे आणि नियम

मी वास्तुविशारद आहे आणि गेली अठरा वर्षे भाडेकरूंच्या बाजूने पुनर्विकासाचे कागद तपासतो. आपला प्रकल्प उपकरप्राप्त इमारतीचा असल्यामुळे तो बहुधा मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या विनियमाखाली होत असेल. त्यात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राची (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेची) हमी आहे, म्हणजे १६० फुटांच्या खोलीत राहणाऱ्याचे क्षेत्र वाढते. अनिवासी भाडेकरूला मात्र आहे तेवढेच क्षेत्र मिळते. म्हणून एकाच चाळीत वरच्या मजल्यांवर पेढे वाटले जात असतात आणि तळमजल्यावर शांतता असते. शिवाय भाडेकरूंच्या संमतीची अट ५१ टक्क्यांची असल्यामुळे, दहाबारा गाळेधारक एकत्र आले तरी त्यांच्यावाचून संख्या पुरी होते. तेव्हा अडवून धरण्याची ताकद आपल्याकडे नाही, हे वडिलांना सांगावे. त्यांचा अर्धा संकोच तेवढ्याने दूर होईल. बोलणी करायची आहेत ती हक्काच्या आणि कागदाच्या जोरावर.

आता मुख्य मुद्दा. आपला धंदा ११० चौरस फुटांत चालतच नाही. तो ओट्यावर चालतो, जिथे गिऱ्हाईक पिशवी घेऊन बसते. तो चाळीच्या गच्चीवर चालतो, जिथे मिरची वाळते. आणि रस्त्याच्या त्या भागावर चालतो, जिथे रांग उभी राहते. यातले काहीही भाडेपावतीवर नाही, त्यामुळे ‘तेवढेच क्षेत्रफळ’ हे शब्द कायद्याने बरोबर असूनही आपल्याला प्रत्यक्षात निम्मी जागा मिळते. मसुद्यातील क्षेत्रफळाचा आकडा बघून लोक सही करतात, आणि गाळा कोणत्या मजल्यावर, कोणत्या तोंडाचा, किती फूट दर्शनी रुंदीचा, हे नकाशावर बघायचे राहून जाते. माझ्या माहितीतील एका गाळ्याला क्षेत्रफळ पूर्ण मिळाले, पण रुंदी पाच फूट आणि खोली बावीस फूट. त्यात दुकान नाही, बोगदा झाला.

म्हणून गाळा तळमजल्यावर आणि रस्त्याच्या बाजूला असेल, हे गाळ्याच्या क्रमांकासह नकाशावर रंगवून घ्यावे आणि तो नकाशा करारनाम्याला जोडपत्र म्हणून लावावा. दर्शनी रुंदी फूट-इंचात लिहून घ्यावी. बारावे पान बदलल्याशिवाय सही करू नये. त्या जागी ‘मसाला कांडण्याचा सध्याचा व्यवसाय सुरू ठेवता येईल’ असे स्पष्ट वाक्य हवे, नाहीतर उद्या सोसायटी स्थापन झाल्यावर पहिला तक्रारअर्ज आपल्या नावाने येईल. यंत्रांसाठी थ्री-फेज वीजजोडणी आणि मिरचीची धूळ वर गच्चीपर्यंत नेणारी स्वतंत्र नळी ही बांधकामाच्या वेळीच ठेवावी लागते, मागाहून कोणी भिंत फोडू देत नाही. यंत्रावर चालणाऱ्या व्यवसायाला महापालिका अधिनियमाच्या कलम ३९० खालील परवानगी लागते, ती नव्या जागेसाठी नव्याने काढावी लागेल. तिचा खर्च आणि कागदपत्रे यांची जबाबदारी विकासकावर टाकता येते. बांधकामाच्या काळातील दुकानाचे भाडे घराच्या भाड्यापासून वेगळे धरावे आणि ते लांबलेल्या प्रत्येक वर्षासाठी वाढावे. किराणा-भुसार यांनी सांगितलेली साडेसात वर्षे अपवाद नाहीत.

थोडे विषयांतर होईल, पण इथल्या छोट्या दुकानांचे गिऱ्हाईक का आटले याचे मूळ गिरण्यांच्या जमिनीत आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमानुसार पुनर्विकासाला निघणाऱ्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. म्हाडाच्या वाट्याला येऊ शकणारी घरे आणि महापालिकेच्या वाट्याची मैदाने त्यामुळे आटली. त्या घरांत राहायला आले असते ते आपले गिऱ्हाईक होते.

उत्तर : सव्विसावा मजला

मी समोरच्या टॉवरसारख्याच एका टॉवरमध्ये राहतो. सहा वर्षांपूर्वी घर विकत घेतले, मूळचा सोलापूरचा. बाहेरून आलेल्यांची बाजूही इथे यावी, म्हणून लिहितो.

आमच्या इमारतीत खालचे सात मजले गाड्या ठेवण्यासाठी आहेत. मी उद्वाहनाने थेट गाडीपाशी उतरतो आणि गाडीनेच रस्त्यावर येतो. घर घेतल्यानंतर दीड वर्षाने, गाडी दुरुस्तीला दिलेली असताना, मी पहिल्यांदा पायी बाहेर पडलो आणि इमारतीच्या पाठीमागे मसाल्याची दुकाने आहेत हे मला तेव्हा कळले. तोपर्यंत घरात पाकिटातला मसाला येत होता. शेजाऱ्यांना या दुकानांविषयी राग नाही. ती आहेत हेच त्यांना माहीत नसते, आणि माहीत होते ते मुख्यतः खोकल्यामुळे. मागच्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या बैठकीत मिरचीच्या ठसक्याविषयी तक्रार आली होती. दमा असलेल्या एका लहान मुलाचे आईवडील बोलत होते, त्यामुळे ती खोटी म्हणता येत नाही. धूळ वर नेणाऱ्या नळीचा जो मुद्दा वर आला आहे, तो तुमच्या जितका सोयीचा आहे तितकाच आमच्याही. तुमच्या नव्या इमारतीत विक्रीची घरे घेणाऱ्यांना खाली कांडप असेल हे आधीच लेखी सांगायला हवे. न सांगता घर विकले, तर ते भांडायला तुमच्याच दारात येतील.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कांडपवाली, लालबाग

सर्वांचे मनापासून आभार. किराणा-भुसार काका, तुमचे उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण आज सकाळी मोजपट्टी घेऊन त्यांनी गाळ्याची दर्शनी रुंदी मोजली : नऊ फूट चार इंच. ओटा वेगळा मोजला, तो अकरा फूट भरला. म्हणजे ओटा गाळ्यापेक्षा मोठा आहे हे आम्हाला आजवर ठाऊक नव्हते. चाळीत एकूण नऊ गाळे आहेत. रविवारी भाडेकरूंच्या बैठकीआधी आम्ही नऊ जण वेगळे बसणार आहोत आणि तळमजला, दर्शनी रुंदी, बारावे पान व दुकानाचे स्वतंत्र भाडे हे चार मुद्दे लेखी देणार आहोत.

एक शंका राहते. गच्चीचे काय? चाळीच्या गच्चीवर मिरची वाळवायला कोणी कधी परवानगी विचारली नाही आणि कोणी दिली नाही. टॉवरच्या गच्चीवर तसे काही मागता येईल का?

उत्तर : नकाशे आणि नियम

सोसायटी झाल्यावर गच्ची सर्व सभासदांच्या सामाईक वापरात येते, त्यामुळे कायमचा हक्क मागितला तर मिळणार नाही. मात्र भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र इमारत असेल, तर मार्च ते मे या तीन महिन्यांत ठराविक वेळेत गच्चीच्या वापरासाठी ठराव करून घेता येतो. तो आत्ताच, चाळीतील सगळे ओळखीचे असताना करावा. आणि विक्रीची व पुनर्वसनाची घरे एकाच इमारतीत असतील तर गच्चीवर पोहण्याचा तलाव दाखवला आहे का, हे आधी नकाशात बघा.