शब्दचर्चा: ‘स्क्रीनिंग’ म्हणजे तपासणी, चाळणी की निदान?

भाषांतरकार: अमेरिकेतल्या मुलांमधल्या ऑटिझमवरचा (स्वमग्नतेवरचा) लेख मराठीत आणतोय. शीर्षक ‘ऑटिझम निदानातील वांशिक विषमता’ चालेल? मूळ शब्द स्क्रीनिंग.

विकासतज्ज्ञ: ‘निदान’ नको. तिकडे १८ आणि २४ महिन्यांना पालकांकडून हो-नाहीचे २० प्रश्न भरून घेतात, बहुधा एम-चॅट, म्हणजे ऑटिझमची शक्यता पाहणारी प्रश्नावली. धोक्याचे गुण ० ते २ म्हणजे ऑटिझमची शक्यता कमी. ३ ते ७ आले तर ज्यांत गुण पडले त्या प्रश्नांवर पालकांना पुन्हा खोदून विचारायचं. त्यानंतरही २ किंवा जास्त गुण टिकले तर पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचं. ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञाकडे. निदान तिथे होतं.

कोशप्रेमी: मग ‘चाळणी’. स्पर्धा परीक्षावाल्यांना ‘चाळणी परीक्षा’ पाठच आहे. पण आईबापांना ‘तुमचं मूल चाळणीत अडकलं’ सांगू नका; तिथे ‘प्राथमिक तपासणी’.

विकासतज्ज्ञ: मान्य. शिवाय चाळणी सदोष असू शकते हे त्या शब्दातच येतं. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाचा २०१९ चा अभ्यास बघा. ९१ टक्के मुलं चाळली, तरी पुढे ऑटिझम निघालेल्यांपैकी जेमतेम ३९ टक्के चाळणीत सापडली होती. गोरी नसलेल्या मुलांत अचूकता आणखी कमी.

भाषांतरकार: म्हणजे ‘विषमता’ बरोबर?

कोशप्रेमी: सरसकट नाही. ‘तफावत’ म्हणजे नुसता फरक, ‘विषमता’त अन्याय धरलेला असतो.

विकासतज्ज्ञ: आणि आकडे उलटलेत. आधी गोऱ्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण जास्त दिसायचं. २०२० च्या पाहणीत आठ वर्षांच्या दर हजारी गोरी २४.३, कृष्णवर्णीय २९.३, हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतली) ३१.६. याला ‘तफावत’ म्हणा. पण २०२० च्याच एका अभ्यासात कृष्णवर्णीय मुलांचं निदान सरासरी ६४.९ महिन्यांना झालं, पालकांना पहिली शंका आल्यावर तीन वर्षांहून जास्त काळानं. ही विषमता.

कोशप्रेमी: ‘वांशिक’ मात्र राहू द्या. हिस्पॅनिक हा काटेकोरपणे वंश नाही, पण ‘वंश आणि वांशिक गट’ असं लिहिलं की शीर्षक मेलंच.

भाषांतरकार: लेखात एम-चॅटमधला दुसरा प्रश्न नमुन्यादाखल आहे. मी लिहिलं, ‘मूल बहिरं आहे असं कधी वाटलं नाही ना?’

विकासतज्ज्ञ: तो ‘ना’ काढा! प्रश्न २, ५ आणि १२ मध्ये ‘हो’ला धोक्याचा गुण आहे, बाकीच्यांत ‘नाही’ला. ‘वाटलं नाही ना?’ला मराठी माणूस ‘हो, नाही वाटलं’ म्हणतो आणि कागदावर ‘हो’वर खूण पडते. एवढ्यावर मूल २ वरून ३ वर जातं. ‘मूल बहिरं असेल का, असं तुम्हाला कधी वाटलं आहे का?’ असं सरळ विचारा.